ताबा आणि तीस दिवस

शांतिनिकेतनातील 'प्रतीची' या घराच्या आवारातील १३ डेसिमल, म्हणजे आपल्याकडील मोजमापाने सुमारे सव्वापाच गुंठे जमीन अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी अनधिकृतपणे व्यापलेली असून ती त्यांनी ६ मेपर्यंत रिकामी करावी, न केल्यास आवश्यक तेवढे बळ वापरून त्यांना तेथून काढण्यात येईल, असा हुकूम विश्वभारती विद्यापीठाने १९ एप्रिल २०२३ रोजी काढला, आणि ती मुदत संपावयास अवघे दोन दिवस उरले असता, म्हणजे ४ मे रोजी, कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने त्या हुकुमाच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. विद्यापीठाचे म्हणणे असे की, १९४३ साली सेन यांचे वडील आशुतोष सेन यांना जो दीर्घ मुदतीचा पट्टा देण्यात आला तो सव्वा एकराचाच होता. सेन कुटुंबाचे म्हणणे असे की, आवार १.३८ एकरांचे असून ते सर्व पिढीजात त्यांच्या वहिवाटीत आहे. यांपैकी खरे कोणते याचा निवाडा उच्च न्यायालयाने त्या दिवशी केला नाही. सिउडी येथील जिल्हा न्यायालयात प्रकरण सुनावणीस येईपर्यंत कोणी कोणास उठवू नये, एवढीच व्यवस्था केली. पुढे ३१ जानेवारी २०२४ रोजी त्या जिल्हा न्यायालयाने विद्यापीठाचा हुकूम रद्द ठरविला. मे महिन्यात ती जागा बळाने ताब्यात घेतली गेली असती, तर जानेवारीतील निकाल मोडलेल्या कुंपणाविषयीचा निकाल झाला असता, आणि जिंकलेल्या पक्षाला आपलीच जागा परत मिळविण्यासाठी नव्याने दरवाजे ठोठावावे लागले असते.

तांत्रिक दृष्ट्या ही स्थगिती सार्वजनिक जागांसंबंधीच्या १९७१ च्या कायद्याखालील कारवाईस दिलेली होती, दिवाणी दाव्यातील मनाई हुकूम ती नव्हती. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेले तत्त्व एकच आहे. जगद्विख्यात माणसाच्या बाबतीत त्या तत्त्वाचे रक्षण झाले, हे चांगलेच झाले. माझ्या मनातील प्रश्न मात्र त्या माणसांविषयीचा आहे, ज्यांच्या घराच्या दाराशी वार्ताहर उभे राहत नाहीत: श्यामबाजारच्या जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहणारा भाडेकरू, भवानीपुरातील दिरांशी घराच्या हिश्श्यावरून वाद पडलेली विधवा, किंवा सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडून सोने-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरलेल्या आपल्या माणसांपैकी बडाबाजारच्या एखाद्या बोळात भाड्याची जागा घेऊन भट्टी चालविणारा कारागीर. एके सकाळी यांपैकी कोणाच्या दारावर दुसऱ्याचेच कुलूप लटकलेले दिसले, तर न्याय त्यांच्यापर्यंत किती दिवसांत पोचतो, यावर कलकत्त्याच्या सभ्यतेची परीक्षा व्हावी असे मला वाटते.

मिळकतीचा अंतिम निकाल लागावयास आपल्या देशात वर्षानुवर्षे लागतात, हे कटू सत्य सर्वांस ठाऊक आहे. दावा दाखल होणार, समन्स बजावले जाणार, कैफियत येणार, मुद्दे निघणार, साक्षीपुरावे होणार, मग निकाल, त्यावर अपील, आणि शेवटी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त. या दीर्घ प्रवासात वादविषयच नाहीसा होऊ नये, तो विकला जाऊ नये, पाडला जाऊ नये, किंवा त्यात तिऱ्हाईत आणून बसविला जाऊ नये, यासाठी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या एकोणचाळिसाव्या आदेशात तात्पुरत्या मनाई हुकुमाची तरतूद आहे. वादीस ताब्यातून काढून लावण्याची धमकी प्रतिवादी देत असेल तर मनाई देता येईल, असा स्पष्ट उल्लेख त्या आदेशाच्या पहिल्या नियमात १९७६ च्या दुरुस्तीने घातला गेला; तत्पूर्वी न्यायालये इतर नियमांच्या आधारे, आणि १९६१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर आपल्या अंगभूत अधिकारांच्या बळावरही, तेच काम करीत होती. महाराष्ट्रातील तालुका न्यायालयांच्या आवारात ज्याने एखादी तारीख काढली असेल, त्याला 'निशाणी पाचचा अर्ज' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कलकत्त्यात किरणशंकर राय रस्त्यावरील सिटी सिव्हिल कोर्टात, अलिपूरला किंवा सियालदाला त्याच अर्जासाठी तशीच माणसे, काखेत कागदांची तशीच पिशवी घेऊन, व्हरांड्यात ताटकळत असतात.

हा हुकूम मागणाऱ्याने तीन गोष्टी दाखवावयाच्या असतात. त्याचे प्रकरण प्रथमदर्शनी विचारात घेण्याजोगे आहे. हुकूम न मिळाल्यास त्याचे पैशाने भरून न येणारे नुकसान होईल. आणि हुकूम दिल्याने प्रतिपक्षाची होणारी गैरसोय, न दिल्याने त्याच्या स्वतःच्या होणाऱ्या गैरसोयीहून कमी आहे. सर्वोच्च न्यायालयाने या तिन्ही कसोट्या १९९१ साली दलपतकुमार प्रकरणात नीट उलगडून सांगितल्या, आणि त्यांपैकी एकच पुरेशी नाही हेही स्पष्ट केले. राहत्या घराच्या बाबतीत दुसरी कसोटी सहसा वादाची नसते. छप्पर गेल्यावर मिळणारी भरपाई कितीही असली तरी मधल्या रात्री कोठे काढावयाच्या, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नसते. खरी झुंज पहिल्या कसोटीवर होते, आणि ती कागदांवर होते.

येथे एक आक्षेप सामान्य माणसाच्या मनात हटकून येतो. ज्याची मालकी, त्याचा ताबा; मग मालकाला आपल्याच जागेत शिरावयास न्यायालयाने का अडवावे? याचे उत्तर बंगालच्याच भूमीतून आलेल्या एका खटल्यात मिळाले आहे. मिदनापूर जमीनदारी कंपनीच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९२४ साली असे बजावले की, या देशात कोणासही बळजबरीने ताबा घेता येत नाही. ज्याला ताब्याचा हक्क आहे त्याने तो न्यायालयामार्फतच मिळवला पाहिजे. पुढे १९५४ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी भाडेकरूच्या संदर्भात हेच तत्त्व मांडले: भाड्याची मुदत संपली तरी भाडेकरूचा ताबा कायद्याने मान्य केलेला असतो, आणि त्याला काढावयाचे तर कायद्याच्या वाटेनेच काढावे लागते. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमाने तर यापुढेही जाऊन अशी सोय ठेवली आहे की, संमतीवाचून व कायदेशीर कारवाईवाचून बेदखल झालेल्या इसमाने सहा महिन्यांच्या आत दावा लावल्यास मालकीचा प्रश्न बाजूला ठेवून त्याला ताबा परत मिळावा. या सर्वांमागील विचार मालकीचा अनादर करणारा नाही. मालकी कोणाची हे ठरविण्याचा अधिकार मनगटाकडे गेला, तर उद्या सर्वांत बलाढ्य तोच सर्वांत मोठा मालक ठरेल, आणि मग खऱ्या मालकालाही आपल्या कागदांचा उपयोग उरणार नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

कलकत्त्याइतकी ही जाणीव ज्याला रक्ताच्या मोलाने झाली, असे शहर भारतात विरळाच. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांचे लोंढे सियालदा स्टेशनात उतरले आणि फलाटांवर, छावण्यांत, मिळेल त्या आडोशाला राहिले. त्यांतील काहींनी यादवपूरच्या परिसरातील ओस पडलेल्या लष्करी बराकींत विजयगड वसविले, आणि १९४९-५० च्या सुमारास आझादगड, नेताजीनगर अशा 'जबरदखल' वसाहती दक्षिण कलकत्त्यात एकामागून एक उभ्या राहिल्या. रात्रीतून बांबू रोवावयाचे, त्यांवर चटईच्या भिंती आणि होगल्याच्या पानांचे छप्पर चढवावयाचे, आणि जमीनदारांचे लठैत किंवा पोलीस येताना दिसले की बायकांनी शंख फुंकून सगळी वसाहत जागी करावयाची, हा तेथील नित्यक्रम होता. एका बाजूस ज्यांची जमीन गेली ते मालक, दुसऱ्या बाजूस ज्यांचा देशच गेला ती माणसे. दोन्ही पक्षांच्या दुःखात सत्य होते, आणि दोघांच्या मध्ये काठीखेरीज काहीच नव्हते. पश्चिम बंगाल सरकारने १९५१ साली निर्वासितांचे पुनर्वसन आणि अनधिकृत कब्जेदारांचे निष्कासन या दोहोंसाठी मिळून एक कायदा केला, आणि तीव्र चळवळीनंतर त्यात निर्वासितांना पर्यायी जागा दिल्याखेरीज उठवू नये हे तत्त्व मान्य झाले. त्या कायद्याची अंमलबजावणी कशी झाली यावर मतभेद असू शकतील. परंतु काठीच्या जागी चौकशी आली, एवढे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही.

त्याच तत्त्वाची दुसरी, विशाल प्रमाणावरील परीक्षा सिंगूरच्या ९९७ एकरांवर झाली. नव्या कायद्याच्या आधारे राज्य सरकारने २१ जून २०११ रोजी मोटार कारखान्याच्या जागेचा ताबा घेतला. दुसऱ्याच दिवशी कंपनी कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. तेथे तातडीचा दिलासा न मिळाल्याने ती दिल्लीस गेली, आणि २९ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्या जमिनीचे वाटप तूर्त करू नये असे सांगितले. पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट २०१६ रोजी, त्याच न्यायालयाने २००६ चे मूळ भूसंपादनच बेकायदा ठरवून जमीन शेतकऱ्यांना परत देण्याचा आदेश दिला. म्हणजे ज्याच्या अर्जावर अंतरिम बंधन आले, तो पक्ष शेवटी हरला. अंतरिम आदेश हा निकालाचा पूर्वरंग नसतो, हे यावरून ठसठशीतपणे दिसते; तो मिळाला म्हणजे आपण जिंकलो असे वादीने मानू नये, आणि मिळाला नाही म्हणजे सर्व संपले असेही मानू नये. परंतु त्याचबरोबर 'तूर्त' या शब्दाखाली पाच वर्षे निघून जातात, हेही त्यातून दिसते. आणि येथेच माझ्या खऱ्या तक्रारीचा आरंभ होतो.

कारण ज्या हत्याराने दुबळ्याचे रक्षण होते, तेच धूर्ताच्या हाती गेल्यास दुबळ्यावरच चालते. प्रतिपक्षाला नोटीस न देता, एकतर्फी, तूर्तातूर्त मनाई मिळवावयाची, आणि मग तारखांमागून तारखा घेत तो हुकूम वर्षानुवर्षे जिवंत ठेवावयाचा, ही रीत कलकत्त्यातही आहे आणि कोल्हापुरातही आहे. राखणीसाठी ठेवलेला माणूस, सद्भावनेने खोली वापरावयास दिलेला नातलग, परदेशी गेलेल्या भावाच्या घराची किल्ली सांभाळणारा दुसरा भाऊ, असे लोक एके दिवशी 'आमच्या ताब्यास हरकत होत आहे' म्हणून अर्ज करतात आणि खरा मालक आपल्याच उंबऱ्याबाहेर उभा राहतो. गोव्यातील एका घरावरून बहीण-भावांत असाच वाद पेटला, आणि त्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, रखवालदार, काळजीवाहक किंवा नोकर यांनी कितीही वर्षे जागा सांभाळली तरी त्यांना त्या जागेत स्वतःचा हक्क उत्पन्न होत नाही. आणि ताबा सांगणाऱ्याकडून न्यायालयाने नेमका तपशील मागितला पाहिजे, की जागेत कोण, केव्हा, कोणाच्या परवानगीने शिरले, भाडे किती व कोणास दिले, आणि त्याचे कागद कोठे आहेत. त्या निकालातील ही प्रश्नावली प्रत्येक दिवाणी न्यायालयाच्या भिंतीवर लावण्याजोगी आहे.

एकत्र कुटुंबाच्या घरात परका घुसविण्याची युक्तीही तितकीच जुनी आहे. उत्तर कलकत्त्यातील जुन्या वाड्यांत, जेथे बंगालच्या दायभाग पद्धतीने प्रत्येक वारसाचा हिस्सा आधीच निश्चित असतो, तेथे एका शरिकाचा हिस्सा विकत घ्यावयाचा, आणि त्या बळावर आत माणसे बसवून उरलेल्यांना नकोसे करून सोडावयाचे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४ व्या कलमाने अशा खरेदीदारास कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घरात संयुक्त ताबा मिळत नाही; त्याने वाटपाचा दावा लावून आपला हिस्सा वेगळा करून घ्यावयाचा असतो. मुंबईतील एका पारशी कुटुंबाच्या घराविषयी १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेऊन, आत शिरलेल्या खरेदीदारास दावा चालू असतानाच बाहेर पडावयास लावणारा अंतरिम हुकूम पुन्हा लागू केला. वेळेवर मागितलेली मनाई एखादे घर कसे वाचविते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

या दुरुपयोगावरचा उपाय नव्याने शोधावा लागत नाही. तो संहितेतच लिहिलेला आहे. एकतर्फी मनाई द्यावयाची तर नोटिशीमुळे हेतूच विफल होईल असे का वाटते, याची कारणे न्यायाधीशाने लिहावयाची. अर्जदाराने अर्ज, शपथपत्र, दाव्याची प्रत आणि कागद प्रतिपक्षास त्वरित पाठवून, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तसे प्रतिज्ञापत्र दाखल करावयाचे. आणि १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या नियम ३-अ प्रमाणे तो अर्ज मनाई दिल्यापासून तीस दिवसांच्या आत अखेर निकालात काढण्याचा न्यायालयाने प्रयत्न करावयाचा, आणि ते न जमल्यास त्याची कारणे नमूद करावयाची. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली याला आणखी धार दिली: तीस दिवसांत अर्ज निकालात निघाला नाही आणि कारणेही लिहिली गेली नाहीत, तर ज्याच्यावर मनाई आली आहे त्याला थेट अपिलात जाता येईल. हे तीस दिवस म्हणजे कायद्याने दोन्ही पक्षांना दिलेले वचन आहे, आणि माझे सर्व म्हणणे एवढेच आहे की ते वचन पाळले जावे.

न्यायालयांवरील कामाचा बोजा पाहता हे शक्य नाही, असे वकील मंडळी सांगतील, आणि त्यांच्या सांगण्यात तथ्य आहे. परंतु तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर साक्षीदार तपासावयाचे नसतात. शपथपत्रे, कागद आणि युक्तिवाद यांवर तो ठरतो, आणि जागेची प्रत्यक्ष स्थिती पाहण्यासाठी न्यायालयास कोर्ट कमिशनर नेमता येतो. अशा अर्जास एक पूर्ण दुपार दिली, तर पुढच्या कित्येक तारखा, अवमानाचे अर्ज, पोलीस ठाण्याच्या खेपा आणि फौजदारी तक्रारी वाचतात. ज्या न्यायालयाला एक दुपार देता येत नाही, त्याला पुढे दहा वर्षे द्यावी लागतात.

पक्षकारांकडूनही काही अपेक्षा रास्त आहेत. धमकी मिळाल्याच्या दिवशीच हालचाल केली पाहिजे. तीन महिने गप्प बसून मग तातडी सांगणाऱ्यावर न्यायाधीशाचा विश्वास बसत नाही. वीजबिल, भाडेपावत्या, महापालिकेच्या कराच्या पावत्या, रेशनकार्ड, खतियान किंवा आपल्याकडे सातबारा, आणि जागेची तारखेसह छायाचित्रे, हे सर्व अर्जासोबत असले पाहिजे. आपल्या विरुद्ध जाणारा कागदही दडवू नये. खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान करून एकतर्फी मनाई मिळविल्याचे दिसल्यास न्यायालयाने ती उठवावी, असे त्याच आदेशाचा चौथा नियम सांगतो. आपल्याविरुद्ध कोणी गुपचूप अर्ज करील अशी ज्यास भीती आहे, त्याने संहितेच्या १४८-अ कलमाखाली कॅव्हेट दाखल करावे; ते नव्वद दिवस टिकते आणि त्यामुळे आपले म्हणणे मांडल्यावाचून हुकूम निघण्याचा धोका पुष्कळ टळतो. आणि मनाई हुकूम मोडणाऱ्याची मिळकत जप्त होऊ शकते व त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येते, हे प्रत्येक पक्षकाराला आणि प्रत्येक ठाणेदाराला माहीत असावे.

राज्यकर्त्यांना आणि उच्च न्यायालयांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एकतर्फी मनाई देणाऱ्या प्रत्येक हुकुमातच दोन्ही बाजू ऐकण्याची तीस दिवसांच्या आतील तारीख लिहिली जावी, आणि ती तहकूब झाल्यास तहकुबी कोणी मागितली हे रोजनाम्यात नोंदले जावे. ताब्याच्या वादात पहिल्याच आठवड्यात कमिशनर जाऊन जागेचा पंचनामा करील, असा सर्वसाधारण नियम व्हावा. कारण सकाळी कोणाचे कुलूप होते हे जसजसे दिवस जातात तसतसे सिद्ध करणे कठीण होते. आणि अपुऱ्या कारणांवर मनाई मिळविणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याची जी मर्यादा ९५ व्या कलमात पन्नास हजार रुपये ठेवलेली आहे, ती आजच्या कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या जमिनीच्या भावापुढे निरर्थक झाली असल्याने संसदेने ती वाढवावी.

माणूस न्यायालयात जातो तो कायद्यावर विश्वास ठेवून, दंडावर नव्हे; हा विश्वास तुटला तर तो परत काठीकडे वळतो, आणि मग ज्या वसाहतींत शंख फुंकून माणसे जागी करावी लागत होती त्या दिवसांकडे आपण परत जाऊ. तात्पुरता मनाई हुकूम हा त्या विश्वासाचा पहिला हप्ता आहे. तो वेळेवर मिळावा, तो तपासून मिळावा, आणि तात्पुरता म्हणून दिलेला हुकूम तात्पुरताच राहावा. कलकत्त्यातील भाडेकरूने, सिंगूरच्या शेतकऱ्याने आणि खानापूर-आटपाडीकडून गेलेल्या गलाई कारागिराने याहून अधिक काही मागितलेले नाही, आणि याहून कमी देण्याचा आपल्याला अधिकार नाही.